गाव कुठलं ह्याचं?

कोरोनाच्या त्या हिवाळ्यात दर रविवारी दुपारी चारला आयर्लंडमधली बरीच मराठी घरं एकाच वेळी एकच मालिका लावायची. घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायला बंदी होती, मंडळाचे कार्यक्रम रद्द झाले होते आणि ऑनलाइन अंताक्षरीचा एव्हाना सगळ्यांना कंटाळा आला होता. मग कुणीतरी ही युक्ती काढली. चार वाजले की ग्रुपवर "लावा" असा मेसेज यायचा आणि डंडॉकपासून वॉटरफोर्डपर्यंत सगळे एकदम रिमोटचं बटण दाबायचे. पुढचा तासभर एक डोळा टीव्हीवर आणि एक फोनवर.

मालिका हिंदी होती. युद्धाच्या काळात शत्रूच्या मुलखात गुपचूप उतरणाऱ्या कमांडोंच्या एका तुकडीची. दर भागात एक कामगिरी, आणि दर भागात तुकडीतलं कुणीतरी मरायचं. कोण मरणार हे ओळखण्यात ग्रुप पटाईत झाला होता. एखाद्यानं खिशातून बायकोचा फोटो काढला की लगेच कुणीतरी लिहायचं, "फोटो काढला. गेला हा." घरी फोन लावला तरी गेला. सुट्टी मंजूर झाली असेल तर नक्कीच गेला. स्लायगोचे एक डॉक्टर फक्त जखमांवर लिहायचे: पट्टी चुकीच्या जागी बांधली आहे, एवढं रक्त गेल्यावर माणूस एवढं लांबलचक बोलत नाही. एक ताई फक्त नायकाच्या दाढीवर लिहायच्या. मी बहुतेक काहीच लिहायचे नाही. फार तर एखादा अंगठा.

मी डंडॉकला एका मराठी जोडप्याच्या घरातली वरची छोटी खोली भाड्यानं घेतली होती. त्यातला नवरा माझ्याच ऑफिसात होता. त्याला मी दादा म्हणायचे. त्याची बायको, माझी वहिनी, इस्पितळात डॉक्टर होती आणि त्या वर्षी घरी आली की आधी अंघोळ, मग बोलणं. आणि दादाचे वडील होते, आबा. साताऱ्याकडचे, सैन्यातून निवृत्त. लॉकडाऊन लागायच्या जरा आधी मुलाकडे तीन महिन्यांसाठी म्हणून आले आणि अडकले. पुढे विमानं सुरू झाली, पण गावी ते एकटेच राहणार म्हणून दादानं त्यांना जाऊ दिलं नाही.

दादानं ग्रुपवर पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं, "आमचे आबा स्वतः स्पेशल फोर्सेसमध्ये होते." त्यामुळे आमच्या घराला त्या ग्रुपमध्ये एक वजन आलं. पॅराशूट असंच उघडतं का, आबांना विचारा. ही बंदूक तेव्हा होती का, आबांना विचारा. आबा मोघम काहीतरी सांगायचे आणि दादा ते नीटनेटकं करून टाइप करायचा.

आबा सोफ्यावर बसायचे नाहीत. जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची ओढून, पाठ ताठ ठेवून, दोन्ही तळवे गुडघ्यांवर. पहिल्या भागात तुकडीतला एक पोरगेला कमांडो नदी ओलांडताना गोळी लागून पडला. संगीत वर चढलं, नायकानं मूठ आवळली, आणि दृश्य बदलून सगळे दुसऱ्या डोंगरावर पोचले. आबा म्हणाले,

"गाव कुठलं ह्याचं?"

"कुणाचं, आबा?"

"ह्या आत्ता गेल्याचं."

दादा हसायला लागला. "आबा, मालिका आहे. तो आत्ता कुठेतरी बसून चहा पीत असेल."

"ते झालं रे. पन गाव सांगितलंच न्हाई त्येचं."

वहिनीसुद्धा हसली. दादानं ते ग्रुपवर लिहिलं. हसून रडणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. पुढच्या रविवारी दुसरा मेला तेव्हा आबांनी पुन्हा तेच विचारलं, आणि तिसऱ्या रविवारपासून आबांनी विचारायच्या आत ग्रुपवरच यायला लागलं. कुणी पडला रे पडला की वॉटरफोर्डहून, स्लायगोहून, डब्लिनहून: "गाव कुठलं?" "गाव कुठलं??" एकानं त्यावर आबांसारख्या मिशीवाल्या म्हाताऱ्याचं स्टिकर केलं. चांगल्या मनाची माणसं होती ती. माझ्या वाढदिवसाला यातल्याच एका ताईंनी पोस्टानं पुरणपोळ्या पाठवल्या होत्या.

मी हसत नव्हते, पण ते कुणाच्या लक्षात यायचं कारण नव्हतं. मी एरवीही फारशी हसत नाही. त्या प्रसंगांच्या वेळी मी उठून स्वयंपाकघरात जायचे, कपाटातून, म्हणजे तिथल्या भाषेत प्रेसमधून, एखादा कप काढायचे, धुतलेलाच पुन्हा धुवायचे.

आईचा धाकटा भाऊ, माझा मामा, अशाच कुठल्यातरी खास तुकडीत होता. तो नेमकं काय काम करायचा हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. मी सीनियर केजीत असताना तो गेला. मला फार आठवत नाही. आजोळच्या अंगणात पुष्कळ पाय आठवतात, आणि एक लांब पेटी. पेटी उघडली नव्हती. तिच्याबरोबर एक जवान आला होता. त्यानं आईला सांगितलं, "बोलता बोलता गेले, ताई. त्यांना कळलंसुद्धा नाही." आईचा त्या वाक्यावर तेव्हाही विश्वास बसला नाही आणि नंतरही नाही. त्या माणसाला खरं माहीत होतं आणि त्यानं लपवलं, असं ती मानत आली. त्याचा तिला राग होता. मामाबद्दल ती घरात काही बोलायची नाही, पण भाजी निवडताना, इस्त्री करताना, मधेच कधीतरी हात थांबायचे आणि ती कुणालाच न उद्देशून म्हणायची, "माझ्याकडे नीट बघून खोटं बोलला तो." माझं लहानपण त्या एका वाक्याच्या आसपास गेलं. आपल्या घरात कुणीतरी दाराआड उभं आहे आणि विषय निघाला की आत येईल, असं मला वाटायचं. म्हणून मी विषय काढत नसे. कुठलेच.

जानेवारीत सकाळी फुटपाथवर बर्फाचा पातळ थर असायचा. आबा पडतील म्हणून वहिनीनं मला त्यांच्याबरोबर फिरायला जायला सांगितलं. आबा पुढे, मी एक पाऊल मागे. बोलणं जवळजवळ नाही. दोघांनाही ते सोयीचं होतं.

एका सकाळी आमच्या वसाहतीच्या तोंडाशी लोक रस्त्याच्या कडेला उभे दिसले. दोन्ही बाजूंना, एकमेकांपासून अंतर ठेवून, काळे कोट, मास्क. आमच्या गल्लीतले एक आजोबा वारले होते. चर्चमध्ये दहाच माणसांना परवानगी होती. मग बाकीचे सगळे असे रस्त्यावर येऊन थांबायचे आणि शववाहिका जाईपर्यंत उभे राहायचे. आमच्या शेजारची आयरिश बाई माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, तुमच्या आबांना म्हणावं, थंडी आहे, टोपी घाला. मी ते आबांना सांगितलं. त्यांनी टोपी घालायच्याऐवजी मफलरही काढला.

गाडी अगदी सावकाश आली. आबांनी टाचा जुळवल्या. हात वर नेला नाही, पण खांदे असे काही मागे गेले की कोटाच्या आत दुसराच माणूस उभा आहे असं वाटलं. गाडी गेली, लोक पांगले, आबा तसेच उभे.

"हितं बरं हाय," शेवटी ते म्हणाले. "रस्त्याला तरी लोकं थांबत्यात."

आम्ही चालायला लागलो. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "सगळी हसत्यात. तू का न्हाई हसत गं?"

मी म्हटलं, "माझा मामा होता सैन्यात."

"गेला?"

"हो."

ते थांबले नाहीत की माझ्याकडे वळले नाहीत. चालता चालताच सांगितलं. ते कमांडो नव्हते. कमांडोंच्या पलटणीच्या स्टोअरात होते. बूट, दोर, कांबळी, पाण्याच्या बाटल्या. पण पलटणीतला मराठी मुलखातला कुणी गेला की त्याला घरी पोचवायला भाषा येणारा माणूस लागायचा. सांगलीचा असो, नगरचा असो, आबांना बोलावणं यायचं. त्या काळी माणूस येत नसे. तिकडेच दहन व्हायचं आणि घरी अस्थी यायच्या, लाल फडक्यात बांधलेला कलश आणि सामानाची काळी ट्रंक.

"मला येऊन कोनी नाव सांगायचं न्हाई," आबा म्हणाले. "नाव मला ठावं असायचंच, बूट म्याच दिल्यालं. पयला सवाल मीच इचारायचो, गाव कुठलं त्येचं? म्हंजी कुठल्या गाडीनं जायचं ते ठरायचं. टीव्हीवाले त्येवढंच सांगत न्हाईत. मानूस पडला की पडला. त्येला कोन नेनार?"

मग पुन्हा आबा पुढे, मी एक पाऊल मागे.

पुढच्या शनिवारी मी ही गोष्ट आईला सांगितली. शनिवारी सकाळी, तिच्याकडे दुपारचा चहा व्हायच्या वेळेला, माझा फोन असायचा. मी ती बातमी म्हणून सांगितली. म्हणजे निदान मला तसं वाटलं. आईनं चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाली, "त्यांना विचार."

"काय?"

"ते लोक घरच्यांना खरं सांगतात का. का खोटं सांगायला शिकवलेलं असतं. मला एवढंच कळायला हवंय. तेवढं विचार."

मी हो म्हटलं. आणि विचारलं नाही.

आबा काही मामाला घेऊन आलेले नव्हते हे आईलाही माहीत होतं. आबा त्याच्या बऱ्याच आधी निवृत्त झाले होते. तरी तिच्या दृष्टीनं जगात पहिल्यांदा असा माणूस सापडला होता ज्याला हा प्रश्न विचारता येईल, आणि तो माझ्या खोलीच्या खालच्या खोलीत झोपत होता. मला मात्र दोन्ही उत्तरांची भीती वाटत होती. खरं सांगतात म्हणाले असते तर आईनं ते मानलं नसतं. खोटं सांगतात म्हणाले असते तर मामा नक्की कसा गेला, ही कल्पना करत ती उरलेलं आयुष्य काढणार होती, आणि ते तिच्यापर्यंत पोचवणारी मी असणार होते. दर शनिवारी ती विचारायची, "विचारलंस?" आणि मी म्हणायचे, ते झोपलेत, दादा घरात आहे, आज त्यांचा मूड नाही. ती रागवायची नाही. "बरं" म्हणायची. ते "बरं" पुढच्या शनिवारपर्यंत माझ्या मागे मागे जिना चढायचं.

प्रजासत्ताक दिनाच्या आसपासच्या रविवारी मंडळानं मालिकेऐवजी ऑनलाइन कार्यक्रम ठेवला. त्यात आबांचा सत्कार. शाल आणि श्रीफळ आदल्या दिवशी कुणीतरी दारात ठेवून, बेल वाजवून, गेटपाशी जाऊन उभं राहिलं आणि हात हलवून निघून गेलं. आबा दोन दिवस "नको रे" म्हणत होते.

"नको काय आबा? सगळ्यांनी मिळून ठरवलंय."

"माजा कसला सत्कार? म्या काय केलंय?"

"तुमचा हा विनम्रपणा राहू द्या आता," दादा म्हणाला.

लॅपटॉप पुस्तकांच्या ढिगावर ठेवला होता. चौकटी भरत गेल्या. काही लोक झब्बे-साड्या घालून बसले होते, खाली पायजमे. वहिनीनं आबांच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला. मंडळाचे अध्यक्ष, वॉटरफोर्डचे एक डॉक्टर, म्हणाले, "आबा, आम्ही इतके दिवस पडद्यावरचे कमांडो बघतोय. आज खरा कमांडो आमच्यासमोर आहे. एखादा थरारक किस्सा होऊन जाऊ दे!"

आबांनी नारळ मांडीवर घेतला आणि दोन्ही हातांनी धरला.

"म्या कमांडो न्हवतो," ते म्हणाले. "म्या स्टोअरला व्हतो. पोरगं कौतुकानं सांगतंय, त्येचं काय चुकलं न्हाई. पलटनीतली पोरं गेली की त्येंच्या अस्थी म्या घरी न्यायचो. लई घरं फिरलो. किस्सा आसा काय न्हाई. दारात उभं ऱ्हायचं आनि आत कोनाला हाक मारायची ते कळायचं न्हाई. आईला हाक मारावी का बापाला. एवढंच."

एका चौकटीतून कुकरची शिट्टी आली आणि ती चौकट घाईघाईनं म्यूट झाली. अध्यक्ष म्हणाले, "वा. वा. जोरदार टाळ्या आबांसाठी," आणि पडद्यावर टाळ्यांची पिवळी चित्रं वर वर तरंगत गेली. आबा ती बघत बसले. त्यांना ती काय आहेत ते कळलं असेल असं मला वाटत नाही.

कार्यक्रम संपल्यावर दादा बराच वेळ लॅपटॉपची वायर गुंडाळत होता.

"आबा, निदान मला आधी सांगायचं."

"सांगितल्यालं. तू दहावीत असताना सांगितल्यालं. तू म्हनला, दोस्तांना सांगताना नुसतं स्पेशल फोर्स म्हनतो."

"तेव्हाचं मला आठवत नाही."

"आणि इथे कमांडो कमांडो करत कोण नाचत होतं?" वहिनी म्हणाली. "मी का आबा?"

"तू पण हसायचीस ना गाव कुठलं म्हटल्यावर?"

"हसायचे," वहिनी म्हणाली, आणि शालीची घडी घालायला लागली. तिच्या वॉर्डातली माणसं त्या महिन्यात घरच्यांना न भेटता जात होती. व्हिडिओ कॉलसाठी टॅबलेट हातात धरून उभं राहण्याची पाळी बऱ्याचदा तिच्यावर यायची. ती घडी तिनं दोनदा मोडली आणि पुन्हा घातली.

पुढच्या रविवारी मालिका पुन्हा सुरू झाली. तुकडीतला वायरलेसवाला मेला. ग्रुपवर कुणीच काही लिहिलं नाही. फोटो काढला, गेला, हेही नाही. जखमांवरही नाही. मग दाढीवर लिहिणाऱ्या ताईंनी लिहिलं, "मालिकेत खरंच सांगितलं नाही ना कुठला होता तो." त्यावर कुणी चेहरा टाकला नाही. आणखी दोन रविवारांनी "लावा" हा मेसेज यायचा बंद झाला. ज्याला जेव्हा जमेल तेव्हा तो बघू लागला, किंवा बघेनासा झाला. आबा तर सत्कारानंतर बसलेच नाहीत. ते मागच्या बागेत जाऊन पक्ष्यांना शिळी पोळी घालायचे.

त्यांना आता विचारणं मला आणखीच अवघड झालं. आपण सगळ्यांनी मिळून त्यांच्याकडून एक गोष्ट ओढून काढली होती. पुन्हा आणखी एक कशी मागायची?

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी आईनं "विचारलंस?" असं विचारलंच नाही. म्हणाली, "तुला नाही जमणार. तुझा दोष नाही, तुला आम्ही बोलायला शिकवलंच नाही. फोन दे त्यांच्याकडे."

"आई, ते..."

"दे गं."

आबा स्वयंपाकघरात लसूण सोलत होते. मी म्हटलं, माझी आई आहे, तुमच्याशी बोलायचंय. त्यांनी हात पंचाला पुसले. व्हिडिओ असला की फोन कुठे धरायचा ते त्यांना समजायचं नाही, कधी कानाला लावायचे, कधी ताटासारखा आडवा धरायचे. म्हणून फोन मीच धरून उभी राहिले. त्यामुळे मला जाताही येईना.

आईनं नमस्कार केला. पदर नसलेल्या खांद्यावर तिचा हात उगाच गेला. प्रकृतीचं विचारलं, थंडीचं विचारलं. मग तिनं मामाचं सांगितलं, चार वाक्यांत. आणि विचारलं, "तो माणूस म्हणाला, बोलता बोलता गेले. खरं सांगतात का हो तुम्ही लोक?"

आबांनी लसणाची एक पाकळी उचलली आणि परत ठेवली.

"ताई, तेच वाक्य म्याबी सांगायचो. समद्यांना. माज्या आदी जो हवालदार न्यायचा त्येनं मला शिकवल्यालं. आई इचारंल, तिला आसं सांग म्हनून."

"म्हणजे खोटं."

"खोटं म्हनायला खरं म्हाईत पायजे, ताई. मला कुटं म्हाईत व्हतं? त्या पलटनीत कोन कुटं गेला, काय झालं, कायबी सांगायचे न्हाईत. स्टोअरवाल्याला कोन सांगतंय? माज्या हातात कलश द्यायचे, ट्रंक द्यायचे, गाडीचा पास द्यायचे. बास. तुमच्याकडं आल्यालं पोरगं आसंल ईस-बावीस वर्साचं. त्येला माज्यापरास कमीच म्हाईत आसनार."

पडद्यावर आईचा चेहरा इतका स्थिर होता की मला वाटलं नेटवर्क गेलं. मग ती म्हणाली, "इतकी वर्षं मला वाटत होतं, निदान एका माणसाला माहीत आहे."

"न्हाई ताई."

"मग तुम्हाला काय माहीत असायचं?"

हे तिनं चिडून विचारलं. मला तिचा तो सूर ओळखीचा आहे. पण आबांनी तो साधा प्रश्न म्हणून घेतला आणि विचार केला.

"वाट," ते म्हणाले. "वाट म्हाईत असायची. दोन रात्री, कदी तीन. कलश खाली ठिवायचा नसतोय म्हनून मांडीवर घ्यायचा. लघवीला जायचं तर शेजारच्याला सांगायचं, बाबा, ह्येला जरा धर. धरायची लोकं. कोन न्हाई म्हनायचं न्हाई. आनि मग म्या बोलायचो त्येच्याशी. रातभर गप बसून करनार काय? टेशन आलं की सांगायचं. ही भोपाळ. ही मनमाड. मिरजेचा असला तर आदी सातारा आलं की मी म्हनायचो, माजं गाव गेलं बग, आता तुजं. समदेच बोलत असनार, ताई. माज्या मागनं जी पोरं गेली ती काय येगळी नसत्यात. एकट्यानं नेत्यात ते लोक. एकटं मानूस बोलतंच."

माझा हात दुखायला लागला होता. मी दुसऱ्या हातानं कोपर धरलं.

आई पडद्यातून बाजूला सरकली. तिच्या घराची भिंत दिसत राहिली, त्यावरचं कॅलेंडर, खिडकीतून आलेलं संध्याकाळचं ऊन. नाक पुसल्याचा आवाज आला. आबा पडद्यावरच्या भिंतीकडे पाहत तसेच उभे राहिले. फोन बंद करावा का, असं मी त्यांना खुणेनं विचारलं. त्यांनी मान हलवली, नको.

बऱ्याच वेळानं आई परत आली. आबांशी बोलली नाही, माझ्याशीच बोलली, जसं काही मी तेव्हा मोठी होते आणि मला आठवायलाच हवं.

"पेटी ट्रकमधून आली होती आपल्याकडे. तो माणूस मागे बसला होता, पेटीपाशी, ताडपत्रीखाली. ऊन होतं. घामानं भिजला होता नुसता. मला तेव्हा वाटलं, पुढे जागा नसेल." ती थांबली. "पुढे नुसता ड्रायव्हर होता गं. जागा होती पुढे."